निर्मात्याला विचारलेला प्रश्न

बायबलच्या नव्या करारात पेत्राच्या नावाचे एक छोटे पत्र आहे. पोंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया या रोमन प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पांगलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी ते लिहिलेले आहे. हे लोक आपल्याच गावात उपरे ठरले होते. नव्या श्रद्धेपायी टोमणे आणि जाच सोसत होते. पत्राचा चौथा अध्याय संपताना त्यांना सांगितले आहे, की सोसावे लागले तरी चांगले वागणे सोडू नका, आणि आपला जीव भरवशाच्या निर्मात्याच्या हवाली करा. निर्माता या अर्थाने तिथे आलेला ग्रीक शब्द आहे ‘क्तिस्तेस’. सगळ्या नव्या करारात हे नाम याच एका जागी येते, आणि ही जागा सृष्टीच्या वर्णनाची नाही. इथे बोलणे चालले आहे ते सोसणाऱ्यांशी.

मराठी माणसांची या निर्मात्याशी गाठ पडल्याला चारशे वर्षे होऊन गेली. त्यावर पुराण रचले गेले, संस्कृतात खंडनमंडन झाले, चौपाटीच्या वाळूत वाद रंगले आणि एका शूद्र विचारवंताने देवासाठी नवा शब्दच घडवला. या सगळ्या घडामोडी वरवर पाहता ‘जग कुणी केले’ या प्रश्नाभोवती फिरतात. आत पाहिले तर दर वेळी वाद एकाच ठिकाणी येऊन अडतो: ज्याने हे केले, तो इथल्या दुःखाचा जाब देईल काय?

मुळात ग्रीकांकडे निर्मात्यासाठी शब्दांची वाण नव्हती. सर्वांत प्रतिष्ठित शब्द होता ‘देमिउर्गोस’. त्याचा अर्थ लोकांसाठी काम करणारा, कारागीर. प्लेटोने ‘तिमायस’ या संवादात जग घडवणाऱ्या देवाला हेच नाव दिले. प्लेटोचा हा देव आधीपासून असलेल्या बेशिस्त द्रव्याला आकार देतो. द्रव्य त्याने केलेले नाही, म्हणून त्या द्रव्याच्या अडेलपणाची पूर्ण जबाबदारीही त्याची नाही.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या ज्यू पंडितांनी आपले हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. या भाषांतराला पुढे ‘सेप्टुअजिंट’ म्हणजे सत्तरांचे भाषांतर असे नाव पडले. या पंडितांनी देवासाठी ‘देमिउर्गोस’ वापरला नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी ‘करणे’ या अर्थाचे साधे क्रियापद घेतले, आणि इतरत्र बऱ्याच ठिकाणी ‘क्तिझो’ घेतले. ‘क्तिझो’ हे क्रियापद त्या काळी शहर वसवण्यासाठी वापरत. सिकंदराने अलेक्झांड्रिया वसवली ती अशी. विटा रचणारे हात दुसऱ्यांचे असतात, पण शहर होते ते राजाच्या इच्छेने आणि हुकमाने. कारागिराला सामग्रीची अट असते, तर वसवणाऱ्याच्या बाबतीत सगळा भर त्याच्या इच्छेवर असतो. राजांनी वसवलेल्या नगरात राहणाऱ्या या भाषांतरकारांना आपल्या देवासाठी कारागिरापेक्षा हा शब्द जवळचा वाटला असेल, तर नवल नाही.

पण इच्छाच सर्व काही असेल, तर द्रव्य कुठून आले? या प्रश्नावर ग्रीक बायबलातच दोन सूर लागतात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात मुलांची आई आपल्या शेवटच्या मुलाला छळापुढे न झुकण्यासाठी धीर देते आणि म्हणते, की देवाने हे सारे असलेल्या वस्तूंतून केलेले नाही. ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथात मात्र देवाच्या हाताने निराकार द्रव्यातून जग घडवल्याचा उल्लेख येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात काही पंथ सांगू लागले, की हे दुःखाने भरलेले जग करणारा ‘देमिउर्गोस’ हा दुय्यम, अडाणी देव आहे आणि खरा देव त्याच्याही पलीकडे आहे. त्यांना उत्तर देताना अंत्युखियाचा थिओफिलस आणि लिआँचा इरेनियस यांनी ‘शून्यातून निर्मिती’ हा सिद्धांत पक्का केला. देव एकच, द्रव्यही त्याचेच. हे म्हटल्यावर दुःखाचा हिशेबही त्याच्याच दारात आला.

हा देव मराठीत आला तो गोव्याच्या वाटेने. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापून निघाले. ओव्या सुमारे अकरा हजार. नव्याने बाटलेल्या लोकांची पुराणे हिरावली गेली होती आणि ऐकायला काही उरले नव्हते. ती जागा भरायला हा ग्रंथ आला. त्याच्या नमनातच देव सर्वसमर्थ बाप आहे आणि स्वर्ग-पृथ्वी रचणारा आहे. ‘रचणे’ हे क्रियापद मराठीत कवितेलाही लागते आणि भिंतीलाही. योगायोगाने, ख्रिस्ती मंडळींनी चौथ्या शतकात ठरवलेल्या निकेयाच्या श्रद्धाघोषणेतही निर्मात्यासाठी ‘पोइएतेस’ हा शब्द आहे, आणि ग्रीकमध्ये कवीलाही तोच शब्द. स्टीफन्सच्या श्रोत्यांनी ‘कशातून रचले’ असे विचारले असले, तरी त्याची नोंद नाही. वाद घालण्याची मोकळीक त्या काळच्या पोर्तुगीज गोव्यात फारशी नव्हती.

तो प्रश्न मोकळेपणाने विचारला गेला काशीत, आणि विचारणारा होता एक कोकणस्थ ब्राह्मण तरुण. 1839 मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचे संस्कृत पद्यांचे पुस्तक काढले. गुरुशिष्यांच्या संवादातून ख्रिस्ती धर्म खरा आणि हिंदू शास्त्रे खोटी असे त्यात मांडले होते. पंडितांना त्यांच्याच भाषेत दिलेले हे आव्हान होते, आणि उत्तरेही संस्कृतातच आली. त्यांतले सर्वांत टोकदार उत्तर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. ते लिहिणारा नीलकंठ गोरे तेव्हा जेमतेम विशीचा होता. त्याचा जन्म 1825 चा, झाशीजवळचा. घराणे चित्पावन, बुंदेलखंडातल्या संस्थानी चाकरीच्या निमित्ताने उत्तरेत गेलेले. वाढला काशीत, न्याय आणि व्याकरण शिकला. बाजारात प्रवचन करणाऱ्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला गप्प करायचे, हा त्याचा मूळ बेत.

नीलकंठाजवळ तयार हत्यारे होती. आपल्याकडे ‘कशातून’ आणि ‘कुणी’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची शिस्त दोन हजार वर्षे चालत आली आहे. घड्याचे उपादान कारण माती, निमित्त कारण कुंभार. नैयायिकांचा ईश्वर कुंभारासारखा आहे. परमाणू नित्य, आत्मे नित्य, ईश्वर त्यांची जुळणी करतो. वेदान्त्यांच्या मते ब्रह्मच माती आणि ब्रह्मच कुंभार. सांख्यांना कुंभाराची गरजच नाही. प्लेटोचा ‘देमिउर्गोस’ काशीच्या नैयायिकाला अगदी घरचा वाटला असता. मातीवाचून घडा करणारा मिशनऱ्यांचा देव मात्र या कोणत्याच चौकटीत बसत नव्हता.

नीलकंठाने बोट ठेवले ते मातीपेक्षा जिवांवर. आत्मे नित्य असतील आणि पूर्वकर्मे त्यांच्यासोबत येत असतील, तर जन्मांध मुलाचे आंधळेपण त्याच्या कर्माच्या खाती जाते. पण पूर्वजन्म नाही, आत्मा देवाने नव्यानेच केला, असे म्हटले तर मूल जन्मताच का सोसते? मुकी जनावरे का सोसतात? ब्रह्मसूत्रांनी ईश्वरावर येऊ शकणारे दोन आरोप आधीच नोंदवून ठेवले आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. कर्माचा सिद्धांत ईश्वराला या दोन्हींतून सोडवतो. मिशनऱ्यांचा निर्माता मात्र दोन्ही आरोपांत सापडतो, असे या तरुणाचे म्हणणे होते.

पुढे झाले ते काशीला पचले नाही. स्मिथशी वाद घालता घालता नीलकंठ स्वतःच डळमळला, आणि 1848 च्या मार्चमध्ये जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. आता तो नेहेम्या गोरे झाला. 1860 मध्ये त्याने हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. दोन वर्षांत फिट्झएडवर्ड हॉलने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या निर्मात्यावर निर्दयपणाचा आरोप ठेवला होता, त्याची बाजू आता गोरे मांडत होते. त्यांचा मुद्दा असा: परमाणू आणि आत्मे ईश्वराइतकेच अनादी असतील, तर ईश्वर त्यांचा मालक कसा? जे आपण केलेच नाही, त्याच्यावर सत्ता कसली? कर्मही अनादी म्हटले, की पहिल्या दुःखाचे कारण कधी सापडतच नाही. हिशेब मागे मागे ढकलला जातो इतकेच. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांनी कारागिराचा शब्द टाळून वसवणाऱ्याचा घेतला, त्यात दडलेला अर्थ गोऱ्यांनी न्यायशास्त्राच्या भाषेत उलगडून दाखवला. त्यांचे स्वतःचे मन मात्र निवांत झाले नाही. शंका त्यांना शेवटपर्यंत छळत राहिल्या. 1895 मध्ये मुंबईत वारले तेव्हा फादर गोरे म्हणून त्यांची ओळख होती, आणि राहणी जुन्या संन्याशाची.

गोऱ्यांच्याच वयाचा, 1825 चाच आणि चित्पावनच, दुसरा एक वादपटू मुंबईत उभा राहिला. विष्णू भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबावा ब्रह्मचारी. 1857 च्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर आठवड्याला चौपाटीवर त्यांचे मिशनऱ्यांशी जाहीर वाद होत, आणि ऐकायला गर्दी लोटत असे. उठावाच्या त्या वर्षात सरकारने ते बंद करवले. विष्णुबावांनी आपली वेदान्ती जागा सोडली नाही. चित्पावनांच्या दोन घरांतून एकाच वर्षी जन्मलेले दोघे एकाच प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे देत होते, आणि दोघांचीही भाषा शास्त्रार्थाची होती.

पुण्यात याच काळात तिसरे उत्तर तयार होत होते, आणि ते शास्त्रार्थाच्या भाषेत नव्हते. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांचा निर्माता त्यांना ठाऊक होता आणि टॉमस पेनही त्यांनी वाचला होता. 1873 मध्ये त्यांचे ‘गुलामगिरी’ निघाले. त्याची सुरुवातच ब्रह्मदेवाच्या खटल्याने होते. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र झाले, ही कथा त्यांनी धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात इतकी खोचक उलटतपासणी करून घेतली, की कथेचे काही शिल्लक राहू नये. फुल्यांना निर्मात्याचा प्रश्न मोलाचा वाटला तो यासाठी. निर्मात्याच्या नावावर खपवलेली विषमता मोडायची, तर निर्माता नीट सांगावा लागणार होता.

त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे फुल्यांच्या लेखणीतून देवासाठी ‘निर्मिक’ हा शब्द रुजला. ब्रह्मा, ईश्वर, परमेश्वर, भगवान या नावांना पुराणांचा आणि भटभिक्षुकीचा वास होता. ‘निर्मिक’ कोरा होता. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 मध्ये, छापून आले. त्यातला निर्मिक स्त्री आणि पुरुष दोघांनाही स्वतंत्र आणि समान हक्कांचे करतो. त्याला दलाल लागत नाहीत, नैवेद्य लागत नाही. आणि दुःखाचे काय? गोऱ्यांनी जो प्रश्न उभा केला होता, त्याला फुल्यांनी वेगळीच वाट काढून दिली. शूद्रातिशूद्रांचे हाल ना पूर्वकर्माचे, ना निर्मिकाचे. ते माणसांनी माणसांवर लादलेले आहेत. म्हणून त्यांचा जाबही माणसांनाच द्यावा लागेल. पूर्वजन्माच्या खात्यावर टाकलेले दुःख त्यांनी ओढून या जन्माच्या खात्यावर आणले.

गोरे आणि फुले ही दोन टोके ज्या एका व्यक्तीत भेटतात ती पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी 1858 मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मली. पुराणे सांगत देशभर फिरणाऱ्या या कुटुंबाचा शेवट दुष्काळात झाला. आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. आपल्याला तिथवर आणण्यात फादर गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता, हे तिने पुढे स्वतः सांगितले. पुण्यात तिच्या धर्मांतराने गदारोळ उठला, तेव्हा 1885 च्या ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेऊन लिहिले ते फुल्यांनी.

रमाबाईंनी कुणाचेच उत्तर जसेच्या तसे उचलले नाही. चेल्टनहॅमला असताना डोरोथिया बील आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला, त्यात ख्रिस्ताचे देवपण आणि त्रैक्य यांवर त्यांच्या शंकाच शंका होत्या. परतल्यावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, नंतर ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. त्यांचा फेरा प्रामुख्याने नर्मदेच्या खोऱ्यात झाला. उपाशी मरणाऱ्या मुली आणि विधवांना शेकड्यांनी गोळा करून त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणले. स्वतःच्या आईला भुकेने मरताना पाहिलेल्या बाईने त्या मुलींना ‘हे तुझे पूर्वकर्म’ असे सांगणे शक्यच नव्हते.

त्या मुलींसाठीच रमाबाईंनी आयुष्याचे शेवटचे मोठे काम हाती घेतले: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल. त्याआधी मराठी बायबल नव्हते असे नाही. विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ शर्मा यांनी सेरामपूरला 1811 मध्ये नवा करार मोडी लिपीत छापला होता, अमेरिकन मिशनचा नवा करार 1826 मध्ये आला, आणि संपूर्ण बायबल 1847 मध्ये मुंबईत निघाले. रमाबाईंची तक्रार भाषेची होती. हे मराठी संस्कृतने जड झालेले आहे, आणि त्यातले कितीतरी शब्द वेदान्त आणि पुराणांचा अर्थ सोबत घेऊन येतात, असे त्यांचे मत. संस्कृत ज्यांच्या रक्तात होते, त्या बाईने संस्कृत शब्द चाळून बाहेर काढायचे ठरवले. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवले ते मुक्ती मिशनच्या, म्हणजे त्यांच्या तिथल्या आश्रमाच्या, मुलींनी. 1922 च्या 5 एप्रिलला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. ग्रंथ 1924 मध्ये निघाला. तोवर ‘उत्पन्नकर्ता’, ‘निर्माणकर्ता’ हे शब्द मराठी ख्रिस्ती बोलण्यात रुळले होते. पण सोसणाऱ्याने आपला जीव कुणाच्या हवाली करायचा, हे त्या सोसणाऱ्याच्या बोलीतच सांगितले पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या रमाबाईच.

या गोष्टीचा पुढचा टप्पा वर्ध्याचा आहे. तिथे मगनवाडी आहे. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या बागेला मगनलाल गांधींचे नाव मिळाले. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याचा कारभार मगनवाडीतून जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा पाहू लागले. तंजावरचे तमिळ ख्रिस्ती, हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशा यांत हा माणूस रमला, आणि आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांशी इंग्रजी राज्याच्या प्रश्नावरून भांडलाही.

‘भारत छोडो’च्या काळात कुमारप्पांना जबलपूरच्या तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचार-उपदेशावर, दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातले व्यवहार पाहून अर्थव्यवस्थेच्या पायऱ्या लावल्या. सर्वांत खाली परोपजीवी, मग लुटारू, मग स्वतः कष्ट करून मिळवणारी, मग समूहासाठी झटणारी, आणि सर्वांत वर सेवेची, जिचे उदाहरण पिलाला चारा आणणारा पक्षी. सृष्टीत देण्याघेण्याची एक व्यवस्था आहे, ती माणूस मोडतो आणि मग हिंसा येते, हा त्यांचा सिद्धांत. हिशेबतपासनिसाने निर्मात्याच्या कामाचा हिशेब तपासला आणि तूट माणसाच्या बाजूला दाखवली. फुल्यांचे नाव त्यांच्या लेखनात शोधायची गरज नाही; दोघे वेगळ्या वाटांनी त्याच निष्कर्षाला आले.

मगनवाडीपासून फार लांब नाही ते पवनार. 1938 पासून विनोबा तिथे धाम नदीकाठी राहिले. ‘ख्रिस्तधर्म-सार’ त्यांनी निवडून काढले, आणि सर्व धर्मांतली देवाची नावे गुंफलेली ‘नाममाला’ त्यांच्या प्रार्थनेत होती. नारायण आणि रहीम यांच्या पंक्तीत ज्यूंचा यह्व, पारशांचा मज्द आणि चीनचा ताओ त्यांनी बसवले. उपादान आणि निमित्ताचा वाद त्यांना अवगत नव्हता असे नाही. शांकरभाष्य त्यांच्या नित्य अभ्यासात होते. पण भूदानाच्या पदयात्रेला निघालेल्या विनोबांनी जमीनदारांपुढे जो युक्तिवाद ठेवला, तो साधा होता: हवा, पाणी, उजेड यांच्यासारखी जमीनही देवाची, मग मालकी तुमची कशी? गोऱ्यांनी नैयायिकांना विचारलेला प्रश्न, जे आपण केले नाही त्याच्यावर सत्ता कसली, तोच प्रश्न इथे शेताच्या बांधावर येऊन ठेपला. फक्त आता तो ईश्वराला लावायचा नव्हता, जमीनधारकाला लावायचा होता.

या सगळ्या वाटचालीत मराठी माणसांनी निर्मात्याबद्दल एकमत केले नाही. विष्णुबावांचे ब्रह्म, गोऱ्यांचा शून्यातून करणारा देव, फुल्यांचा निर्मिक, कुमारप्पांचा सृष्टीचा कायदा, ही एकमेकांत न विरघळणारी उत्तरे आहेत. पण ज्या पत्रात ‘क्तिस्तेस’ हे नाम एकदाच आले, त्याच्या लेखकाने जो संबंध जोडला होता, तो यांतल्या कुणीही तोडला नाही. सृष्टी कशी झाली हे सांगणाऱ्याला दुःखाबद्दल बोलावेच लागेल, ही अट विशीतल्या नीलकंठ गोऱ्याने घातली. त्यानंतर मराठीत निर्मात्याचे नाव घेणाऱ्या कोणालाही ती चुकवता आलेली नाही.